उजव्या बाजूचं पदक

शनिवारी सकाळी पदक डबीत नाही हे कौमुदीच्या लक्षात आलं, तेव्हा घरात आधीच कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

डबी होती. निळ्या मखमलीची, कोपऱ्यांना घासून पांढरी पडलेली. आत पदकाच्या आकाराचा खळगा तेवढा उरला होता.

"मधूकाका, तुम्ही कुठे ठेवलंत का हो?"

मधू कोयंडे खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसला होता. पान बराच वेळ उलटलेलं नव्हतं. घरातली कुठलीही वस्तू हरवली की ती आपणच कुठेतरी ठेवली असणार, असं त्याला आधी वाटायचं. सगळी नोकरी मालवणच्या वाचनालयात पुस्तकं जागेवर लावण्यात गेली, तरी ही धास्ती गेली नव्हती. त्याने उठून स्वतःचे खिसे चाचपले.

"नाही गं. काल दादाच्या कोटाला ब्रश केला तेव्हा डबी तिथेच होती. उघडून नाही बघितली मी. बघायला हवी होती."

"मग बाबांनीच टाकलं असेल कुठेतरी." कौमुदीने आवाज खाली आणला. "टाकतील हो ते. बुधवारपासून त्यांच्या मनात काय आहे, कुणाला कळतंय का? दुपारी माणसं यायची, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललंय ते पदकच नाही!"

ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तो माणूस बाल्कनीत बसला आहे, असं मधूला म्हणावंसं वाटलं.

मधूच्या थोरल्या भावाला, प्रतापदादाला, ऐंशी वर्षं आणि आठ महिने पूर्ण झाले होते. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस. शैलावहिनींच्या मनात हा सोहळा मालवणला, घरच्या अंगणात करायचा होता. पण सत्यजितने ऐकलं नाही. बाप नौसेना पदकाचा मानकरी, मुलगा श्टुटगार्टला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर, इथल्या मराठी मंडळींना कळायला नको का? मग तिघंही म्हातारे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. वहिनींनी येताना वाती आणल्या, सुपारी आणली, दर्भसुद्धा आणले. आणि बुधवारी रात्रीच्या जेवणात सगळ्यावर पाणी पडलं.

त्या दिवशी कौमुदीने श्पार्गल, म्हणजे इथली पांढरी शतावरी, केलं होतं. वहिनींनी ती पांढरी कांडी उचलून, "ही शेवग्याची आजारी बहीण दिसते," असं म्हटलं आणि सत्यजित-कौमुदीची मुलगी अन्वी हसता हसता एकदम गंभीर झाली. यंदापासून या देशात अठरा वर्षांच्या मुलांना सैन्याकडून विचारणा होते, यायला आवडेल का म्हणून. मुलग्यांनी उत्तर द्यावंच लागतं. मुलींना सक्ती नाही. अन्वीने सक्ती नसताना उत्तर दिलं होतं, आणि तेवढ्यावर न थांबता जर्मन नौदलात अर्ज केला होता. सोमवारी कोलोनला तिची निवड चाचणी होती. तिथे राहणाऱ्या नीलिमाआत्याकडे ती उतरणार होती. आत्याला सगळं महिनाभर माहीत होतं.

"तुझं अबिटूर चालू आहे!" कौमुदीला आधी शाळेची ही शेवटची परीक्षाच सुचली. मग बाकीचं सुचलं. "कुणाचं सैन्य, कुणाशी भांडण, आपला काय संबंध त्याच्याशी?"

अन्वीने जर्मनमध्ये उत्तर दिलं. ती आईला नेहमी जर्मनमध्येच उत्तर द्यायची. मधूला शब्द कळले नाहीत, पण सत्यजितने कपाळाला हात लावून सांगितलं, "म्हणते, मी इथलीच आहे. माझा पासपोर्ट बघ."

"अगं, पण दुसरं काय कमी आहे? डॉक्टर हो, आर्किटेक्ट हो..."

"पापा," अन्वी या वेळी मराठीत म्हणाली, "तू एव्हरी डिसेंबर आजोबाची स्टोरी सांगतोस. माझ्या शाळेत पण येऊन सांगितलीस. मी सिक्स इयर्सची होते."

"ती स्टोरी आहे!" सत्यजित ओरडला.

आपण काय बोलून बसलो ते सत्यजितला कळलं, आणि ते बाबांनाही कळलं आहे हेही कळलं. अन्वीने नॅपकिनची घडी केली.

"आल्झो गुट. ठीक आहे. आजोबा नाही म्हणाला तर मी नाही जाणार. पण फक्त आजोबा म्हणाला तर. दुसरं कुणी नाही."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने शेवटची कांडी संपवली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"अहो, झोपायला चला आता," वहिनी म्हणाल्या.

"झोपायला चला," दादा म्हणाला आणि उठला.

ही त्याची जुनी सवय. सुकाणूवरच्या माणसाने दिलेला हुकूम मोठ्याने परत म्हणायचा आणि मग चाक फिरवायचं, ही नौदलाची रीत. परत आवाज आला की देणाऱ्याला कळतं, हुकूम पोचला. आवाज आला नाही तर पोचला नाही असं धरायचं आणि पुन्हा द्यायचा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी वहिनी "स्वेटर घाला" म्हणाल्या की दादा "स्वेटर घाला" म्हणायचा आणि मग घालायचा. अन्वी लहान असताना सोफ्याची बोट करून दोघं हाच खेळ खेळायची. तिचं अर्धं मराठी त्या बोटीवरच झालेलं होतं.

बुधवारपासून आजपर्यंत त्याने हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं.

"तुम्ही सांगा ना त्यांना," कौमुदी आता रिकामी डबी मिटत म्हणाली. "तुमचं ऐकतात ते."

"माझं दादाने एकदाच ऐकलंय. चष्मा बदल म्हणालो होतो."

ती हसली नाही. "काका, सोमवारी गेली ना, की गेली ती. मी ओळखते तिला. नुसतं 'नाही' म्हणायचंय हो त्यांनी. एक शब्द. त्या शब्दाला पैसे पडतात का?"

*

मधू म्हणजे घरातली टपालपेटी होती. ज्याने त्याने यावं, मनातलं आत टाकावं आणि हलकं होऊन निघून जावं. पेटीला कुणी कधी विचारत नाही, तुला काय वाटतं. मधूची त्याबद्दल तक्रार नव्हती. विचारलं असतं तर काय सांगायचं, हीच त्याला धास्ती होती.

खाली केलरमध्ये, तळघरात, पाण्याचे क्रेट आणायला सत्यजितबरोबर तो गेला. सत्यजितने एक क्रेट उचलला आणि परत खाली ठेवला.

"काका, मी चूक केली का हो? बापाचं कौतुक केलं, एवढंच ना?"

"कौतुक करू नये असं कुठे आहे?"

"बाबांनी नाही म्हणायला पाहिजे. म्हणायलाच पाहिजे." तो क्रेटवर बसला. पन्नाशीचा माणूस, पण बसण्याची ढब अजून शाळेतल्या पोरासारखी. "पण ते नाही म्हणाले, तर मग येत्या डिसेंबरला मी उभा राहून काय सांगू? आपल्या घरात हे केलेलं चालतं, फक्त पुन्हा करू नये? मला ना, अभिमान वाटतोय आणि भीती वाटतेय, दोन्ही एकदमच."

"होतं असं," मधू म्हणाला. असं होतं की नाही त्याला माहीत नव्हतं.

वर आले तेव्हा नीलिमा जिन्यात भेटली. पहाटेच्या गाडीने कोलोनहून आलेली, बॅग अजून हातातच. कौमुदीने दार उघडलं होतं, पण बॅग घेतली नव्हती. एरवी नणंद-भावजयींचं इतकं सूत की सत्यजितच परका वाटायचा.

"बोलत नाहीये माझ्याशी," नीलिमा म्हणाली. "बरोबरच आहे. अन्वीने फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, वा, शाब्बास! आजोबांची नात शोभतेस. काका, म्हणायला काय जातं?" तिने आजूबाजूला पाहिलं. "काल तिच्यासाठी खोली लावत होते. पलंगावर चादर घातली आणि मला तिथे बसावंच लागलं. पोर आहे हो ती. बाबांनी नाही म्हणावं असं मला वाटायला लागलंय. कौमुदीला सांगू नका. तिला वाटेल, मी लोटांगण घालतेय."

मधूने मान हलवली. पेटीत आणखी एक पत्र पडलं.

वहिनी खोलीत पैठणीच्या निऱ्या चापूनचोपून बघत होत्या. त्यांना मदत लागत नव्हती, तरी त्यांनी मधूला थांबवलं. वहिनी काय म्हणणार ते त्याला ठाऊक होतं. नातीवर त्यांचा जीव होता आणि युद्धाचं नाव काढलं की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या.

"भावोजी, त्यांना सांगा, नको म्हणू नका."

मधूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मला काय हौस आहे?" वहिनी म्हणाल्या. "एकाहत्तर साली माझी लग्नाची हळद उतरली नव्हती. रेडिओवर रोज आपण जिंकत होतो, आणि आमच्या दारात पोस्टमन आला की मी मागच्या दाराने विहिरीवर जायची. तुम्हाला आठवतं ना? तुम्हीच तर तार घ्यायचात."

मधूला आठवत होतं.

"तरी सांगते. नको म्हटलेलं माणूस घरात राहतं, पण घरात नसतं. नंतर यांचंही तसंच झालं. जहाजावर जायला मिळेना, मुंबईला गोदीत बसवलं, तेव्हा जेवायला समोर असायचे आणि नसायचे. कौमुदीला कळणार नाही हे. आणि मी सांगितलं तर सून माझं तोंड बघायची नाही." त्यांनी पदर खांद्यावर नीट केला. "तुम्ही सांगा."

चार माणसांनी चार गोष्टी सांगितल्या, आणि त्या चारही मधूला पटल्या. आपल्याला कुणाचंही सगळं पटतं, हा आपल्यातला मोठाच दोष आहे असं त्याला फार पूर्वीपासून वाटत आलं होतं.

बाल्कनीतून समोरच्या टेकडीवरचे द्राक्षांचे मळे दिसत. दादा कोट घालून बसला होता. कोटाच्या छातीवर पदक अडकवायची जागा रिकामी.

"दादा, पदक तू घेतलंस?"

"नाही."

"मग गेलं कुठे?"

"गेलं असेल. चोपन्न वर्षं प्रत्येक सभेला यायचं म्हणजे दमणारच ते." दादाने डोळे मिटून घेतले. मग मालवणीत म्हणाला, जी तो आता फक्त मधूशीच बोलायचा, "सगळी माकाच कित्याक इचारतत रे?"

"दादा, सगळ्यांचं म्हणणं असं की..."

"गप रव. त्यांचं त्यांच्या तोंडून ऐकलंय मी, न बोलता पण ऐकलंय. तुझं सांग."

मधूला घाम फुटला. एवढी पुस्तकं वाचली, त्यातलं एक वाक्य वेळेला उपयोगी पडेल तर शपथ.

"मला माहीत नाही, दादा," तो शेवटी म्हणाला. "खरंच माहीत नाही."

"बरं." दादाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "घरात एकाला तरी माहीत नाही. बसलास तर बस इथे जरा."

*

हॉल चर्चच्या मालकीचा होता. तिथल्या हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्याने, आधीच बजावलं होतं की ज्योत पेटवायची नाही, छताला धुराची यंत्रं आहेत. म्हणून ताटात बॅटरीवरच्या पणत्या होत्या. खऱ्या वाती वहिनींच्या पिशवीतच राहिल्या. "बरं आहे," दादा म्हणाला, "आयुष्य संपत आलं की सेल बदलायचा." सगळे हसले. त्या हसण्यात घरची माणसं नव्हती.

सुवासिनींनी ओवाळलं. वहिनींच्या शेजारी दादा पाटावर न बसता खुर्चीवर बसला. कुणीतरी शाल घातली, कुणी नारळ दिला. नीलिमा आणि कौमुदी एकाच ताटाला हात लावून उभ्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. अन्वीचा पत्ता नव्हता. "मैत्रिणीकडून परस्पर येते," असं सांगून ती सकाळी लवकरच बाहेर पडली होती.

मग सत्यजित माईक घेऊन उभा राहिला. आज तो सांगणार नाही असं मधूला वाटलं होतं. पण पुढच्या रांगेतली पोरं आधीच "पोर्ट टेन! पोर्ट टेन!" ओरडायला लागली, आणि सत्यजितचा इलाज चालेना. दर वर्षी ऐकून मंडळातल्या पोरांना ती गोष्ट, सुकाणू डावीकडे दहा अंश वळवायच्या त्या हुकुमासकट, तोंडपाठ होती.

"एकाहत्तरचा डिसेंबर," तो म्हणाला. आवाज दमलेला होता, पण शब्द आपोआप येत होते. "पूर्व पाकिस्तान. एकच देश, पण घर फुटलेलं. बाबा 'सुरमा' नावाच्या बोटीवर होते. बोट कसली, जुनी कस्टमची लाँच. वर तोफ बसवलेली. निम्मे खलाशी आपले आणि निम्मे बंगाली, पाकिस्तानी नौदल सोडून आलेले. उजाडताना नदीच्या मुखाशी समोरून गनबोट आली. तिच्यावर आमच्या बंगाली खलाशांचे कालपरवापर्यंतचे सोबती. एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांवर गोळे टाकत होती."

पोरं गप्प झाली.

"पहिल्याच माऱ्यात सुकाणूच्या साखळ्या तुटल्या. पुढचं चाक नुसतं गरगरायला लागलं. तेव्हा बाबा मागे धावले. बोटीच्या शेपटाशी हाताने फिरवायचा लोखंडी दांडा असतो, तो धरला. तिथे आडोसा नाही, पुढचं काही दिसत नाही, सगळा धूर. कॅप्टन पुढून ओरडायचे, मधे रहमत नावाचा बंगाली खलाशी तो हुकूम मागे फेकायचा, आणि बाबा मोठ्याने परत म्हणायचे. पोर्ट टेन!"

"पोर्ट टेन!" पोरं ओरडली.

"धुरातून आवाज परत आला की पुढच्यांना कळायचं, कोयंडे अजून जिवंत आहे."

मधू दादाकडे बघत होता. दादा ऐकत होता की नाही कळत नव्हतं. पण कौमुदी ऐकत होती. लग्न होऊन आल्यापासून तिने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की एरवी या वेळी ती जेवणाची भांडी मांडत असायची. आज तिच्या हातातला डाव तसाच राहिला होता. त्या दांड्यापाशी, त्या धुरात, आज तिला दुसरंच कुणीतरी उभं दिसत होतं.

"मग बोटीला आग लागली," सत्यजित म्हणाला. "खाली जखमी पडलेले, त्यांना हलताही येत नव्हतं. कॅप्टनने हुकूम दिला, बोट सोडा! रहमतने तो मागे फेकला. मागून आवाज आला नाही. पुन्हा फेकला. आवाज नाही. सगळ्यांना वाटलं कोयंडे गेला. माणसांनी पाण्यात उड्या टाकल्या, आणि बघतात तर काय, बोट वळली! तोफांच्या आवाजात बाबांना हुकूम ऐकूच आला नव्हता!"

इथे नेहमी हशा यायचा, तसा आला.

"ऐकू आला असता तर खालचे जखमी बोटीबरोबरच गेले असते. बाबांनी ती जळती बोट, वरून गोळे येत असताना, खाजणाच्या चिखलात नेऊन चढवली. आपल्याकडे होडी चढवतात ना, तशी. जखमींतला एकही दगावला नाही."

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांतच मागचं दार उघडलं आणि अन्वी आत आली.

तिने गडद निळा कोट घातला होता. केस मागे घट्ट बांधलेले. खुर्च्यांच्या मधून ती सरळ चालत आली, दादासमोर थांबली आणि टाचा जुळवून उभी राहिली. तिच्या छातीवर पदक होतं. गडद निळी फीत, मधोमध पांढरी रेघ. टाळ्या दुप्पट झाल्या. लोक फोन वर करून फोटो काढायला लागले. "अगं बाई, हिच्याकडे होतं होय!" कौमुदीच्या तोंडून निघालं, आणि तिच्याही नकळत त्यात कौतुक होतं.

मधूच्या मात्र काळजात धस्स झालं. पदक उजव्या बाजूला होतं.

मुंबईला एकदा तो दादाबरोबर नौदलाच्या कार्यक्रमाला गेला होता. तिथे एका बाईंनी पांढऱ्या साडीवर, उजव्या खांद्याखाली, पदकांची रांग लावली होती. मधूने विचारलं तेव्हा दादा म्हणाला होता, ज्याचं पदक त्याने डावीकडे लावायचं. तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनी लावायचं ते उजवीकडे.

दादाही त्या पदकाकडेच बघत होता. मग त्याच्या गालांच्या सुरकुत्या हलल्या, आणि तो हसला. बुधवारपासून पहिल्यांदाच.

"कुणी सांगितलं तुला उजवीकडे लावायला?"

"मी वाचलं," अन्वी म्हणाली. "सगळे रूल्स वाचले. डावीकडे फक्त ज्याचं मेडल तो. फॅमिलीने राइट साइडला. मी बरोबर लावलंय, आजोबा. तू आज नुसता बसून बघ, मी तुझ्यासाठी लावलंय. सरप्राइज."

"अगदी बरोबर लावलंयस. फक्त थोडी घाई केलीस. उजवीकडे लावतात ते माणूस मेल्यावर."

अन्वीचा चेहरा खाडकन उतरला. "नाइन... नाही, आजोबा..."

"अहो, जीभ आवरा!" वहिनी म्हणाल्या. "आत्ता ओवाळलंय तुम्हाला."

"बॅटरीने ओवाळलंय," दादा म्हणाला. "अगं, बरं झालं की. मेलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मला तर चार दिवस हेच हवं होतं."

अन्वीने घाईघाईने पिन काढली. तिचे डोळे भरून आले होते. मंडळी जेवणाकडे वळली होती, खुर्च्या सरकत होत्या, पोरं पुन्हा "पोर्ट टेन" करत हॉलभर धावायला लागली होती, आणि कुणीतरी माईक बंद करायला गेला तर तो कर्कश किंचाळायला लागला. दादाच्या खुर्चीभोवती आता घरचीच माणसं उरली होती.

"लाव," दादाने आपल्या कोटाची डावी बाजू पुढे केली. "डावीकडे. आहे मी अजून."

अन्वी गुडघ्यावर बसली. पिन कापडात घालताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "आणि माझ्या डावीकडे? कधी मिळालं तर?"

"ती जागा रिकामी राहिली तर नशीब समज."

ती तशीच बसून राहिली. बोटं पदकावरच होती. "आजोबा, आता सांग. सोमवारी जाऊ की नको? मी प्रॉमिस केलंय. तू म्हणशील ते."

मधूने सगळ्यांकडे पाहिलं. सत्यजित माईकची वायर गुंडाळायची सोडून उभा होता. नीलिमाने न बघताच कौमुदीचा हात धरला होता आणि कौमुदीने तो सोडवून घेतला नव्हता. वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

दादाने खुर्चीला टेकलेली पाठ सरळ केली.

"अन्वी." हा आवाज मधूने घरात कधी ऐकला नव्हता. "जाऊ नकोस."

कौमुदीने डोळे मिटले. सत्यजितने एक मोठा श्वास सोडला.

अन्वी उठली. टाचा जुळवून, हात सरळ ठेवून दादासमोर उभी राहिली. सोफ्याच्या बोटीवर लहानपणी उभी राहायची तशीच. आता ती परत म्हणेल, म्हणून सगळे थांबले.

ती काही म्हणाली नाही.

दादाही थांबला. पोरं ओरडत होती. ताटं वाजत होती.

"ऐकू आलं का?" दादाने विचारलं.

"आजोबा," अन्वी म्हणाली. अश्रू आता सरळ गालांवर आले होते, पण नजर हलली नव्हती. "इथे आवाज फार आहे."

मधूने चटकन दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा पडला नव्हता. रागावलाही नव्हता. गर्दीत कुणीतरी जुन्या नावाने हाक मारावी आणि माणसाने मान वळवावी, तसा तो नातीकडे बघत होता. मधूला वाटलं, आपल्याला काहीतरी कळलं आहे. चोपन्न वर्षांपूर्वी 'ऐकू न आलेल्या' त्या हुकुमाबद्दलही. पण आपल्याला कळलेलं खरंच असेल असा भरवसा त्याला कधीच नसायचा.

"बाबा, पुन्हा सांगा ना," कौमुदी पुढे झाली. "तिला ऐकू नाही आलं. अहो बाबा, एकदा पुन्हा सांगा!"

दादाने सुनेचा हात हातात घेतला. तो हात त्याने बराच वेळ सोडला नाही. पण हुकूम पुन्हा दिला नाही.

"दमलो गं," मग तो म्हणाला, आणि मान मागे टेकली. "अन्वी, चहा आण."

ती वळून खुर्च्यांमधून निघाली होती. दाराशी पोचता पोचता तिने ऐकलं, आणि सगळ्या गोंगाटावरून तिचा आवाज परत आला, हॉलमधल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असा.

"चहा आण!"